दोन क्विंटलांची सायकल

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ सकाळच्या एस.टी.ने गावाहून यवतमाळला आला, चहा झाला, आणि त्याने बंडीच्या आतल्या खिशातून रबर लावलेलं पुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. चौदा हजार रुपये होते.

"दादा, दोन क्विंटल कापसाचे पैसे होत हे. पोराले सायकल घेऊन दे. चाकं मात्र नीट पाह्यजो."

घाटंजी तालुक्यात त्याची कोरडवाहू शेती. त्या हंगामात सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,१२१ आणि लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर केला होता. भावाने गरजेपोटी खाजगी व्यापाऱ्याला सात हजाराने माल घातला. वेचणी, फवारणी, बियाणं हा खर्च त्यातूनच जायचा. आमच्या जिल्ह्यात माणसं लग्नाचा, दवाखान्याचा, शिक्षणाचा खर्च रुपयांत बोलतात. पण मनात मोजतात तो क्विंटलात. त्यामुळे ती चौदा हजारांची रक्कम मला नुसती रक्कम वाटेना. मी त्यात माझ्या पेन्शनीतले चार हजार घातले आणि अठरा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं.

पोरगा म्हणजे माझा पुतण्या. माझ्याकडे राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकतो. दहावीपर्यंत रोज नऊ किलोमीटर जाऊन-येऊन सायकल चालवलेली, त्यामुळे मांड्या घट्ट आणि डोक्यात वेड. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी करून आले. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांच्या जोडीने तीच शर्यत पार केली होती. ही सगळी माहिती पुतण्याला तोंडपाठ. त्याला स्वतःला एवढं मोठं काही करायचं नव्हतं. त्याला 'ब्रेव्हे' करायची होती. ही मूळची फ्रान्समधली पद्धत. यात नंबर काढत नाहीत. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. वाटेत कुणी मदतीला गाडी घेऊन मागे यायचं नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं.

मी गणिताचा निवृत्त मास्तर. लगेच भागाकार केला. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी पंधराला थोडं कमीच. "अरे, मग वडिलांच्या काळ्या सायकलीवर का नाही जात?" त्याने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी घरची जुनी सायकल काढली, आर्णीपर्यंत जाऊन परत आला, ऐंशीएक किलोमीटर, आणि संध्याकाळी गुडघ्याला हळद-चुना लावून बसला. सायकल त्याच्या मापाला दोन बोटं मोठी, वजन वीस किलोच्या वर, गिअर एकच. यवतमाळ पठारावर वसलेलं गाव. कोणत्याही रस्त्याने खाली उतरा, परत येताना चढ आहेच. मास्तरचं उत्तर बरोबर होतं, उदाहरण चुकलं होतं.

भावाला मी 'रोड बाईक' हा शब्द सांगितला तेव्हा तो दचकला. "बाईक? अन् पेट्रोल कोन टाकन?" आपल्याकडे बाईक म्हणजे फटफटीच. आमच्या तरुणपणी हिला 'रेसर' म्हणत. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंद टायर, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही. भावाच्या मते सायकलीला उपयोगी असं जे जे असतं ते सगळं काढून टाकल्यावर उरते ती ही. आणि नवी घ्यायची तर गिअरवाली बरी रोड बाईक पंचवीस-तीस हजारांच्या अलीकडे सहसा मिळत नाही. म्हणजे जुनी घेणं आलं.

जुनी सायकल घेण्यात आमच्या घराण्याला कमीपणा कधी वाटला नाही. वडिलांनी त्यांची सेन-रॅले, आसनसोलच्या कारखान्यात बनलेली, बदलून जाणाऱ्या एका कारकुनाकडून घेतली होती. नवी सायकल घेणं म्हणजे तेव्हा वर्षाचा बेत. जुनी घ्यायची तर ओळखीच्या माणसाची, आणि सोबत मिस्त्री न्यायचा, जसा बैलबाजारात जाणता माणूस नेतात तसा. बैलाचे जबडे उघडून दात पाहायचे: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. सायकलीचेही दात पाहायचे. चेन ज्या चक्रावर फिरते त्याचे दात नव्यात दोन्ही बाजूंनी सारखे, बसके असतात. झिजले की एका बाजूला कलतात, टोकदार होतात. वडील म्हणायचे, दात बोलतात, मालक काहीही बोलो. पुढे त्या सायकलीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो, आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग दांड्यावरून, मग सीटवर.

या वेळीही मी मिस्त्री सोबत घ्यायचं ठरवलं. दत्त चौकापासून थोड्या अंतरावर आमच्या मिस्त्रींचं दुकान आहे. वय सत्तरीच्या घरात. एके काळी तासावर भाड्याने द्यायला चाळीस सायकली होत्या, आता हवा, पंक्चर आणि शाळकरी मुलींच्या सायकली. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्या सायकलींची दुरुस्ती हा त्यांचा आजचा मुख्य धंदा. ओव्हरहॉलिंगला ते अजून 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो.

मोबाईलवर जाहिराती पाहून आम्ही तिघं नागपूरला गेलो. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतल्या पुष्कळ लोकांनी हौसेने सायकली घेतल्या होत्या आणि हौस फिटल्यावर त्या भिंतीला टांगल्या होत्या. त्यामुळे जुन्या मालाला तोटा नव्हता. पहिलीच सायकल पाहिली आणि पोरगा पाघळला. काळी, चमकदार, कार्बनची. उचलली तर एका बोटावर यावी. मागत होते सतरा हजार. नवी असताना हिची किंमत लाखाच्या आसपास होती, असं विकणारा पुनःपुन्हा सांगत होता. पुतण्या तिच्यावर बसून गल्लीत एक चक्कर मारून आला आणि त्याचा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालालाही तसा पाहिला नव्हता.

मिस्त्रींनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि बायका माठ घेताना वाजवून पाहतात तशी ती फ्रेम हळूहळू वाजवत नेली. टण, टण, टण. पायडलच्या कण्याजवळ एक मोठं रंगीत स्टिकर होतं, तिथे आवाज आला थप्प. पुन्हा वाजवलं. पुन्हा थप्प. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, या काळ्या मालातलं मले काई समजत नाई. पण मडकं चिरलं हाये."

स्टिकर काढून दाखवा म्हटल्यावर विकणाऱ्याचा आवाज चढला. घ्यायची तर घ्या, नाहीतर निघा. लोखंडाची फ्रेम वाकते, वाकून सूचना देते. तुटली तर वेल्डिंग होते. कार्बनला आतून तडा गेला की तो बाहेरून दिसेलच असं नाही, आणि उतारावर कधी दगा देईल ते सांगता येत नाही. त्याची दुरुस्ती होते, नाही असं नाही, पण ती करणारा मोठ्या शहरात शोधावा लागतो. मी नको म्हणालो. पुतण्या काहीच बोलला नाही. बसमध्ये वर्धा येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. "मोठेबाबा, स्टिकर तं सगळ्याच सायकलींना असते ना," एवढंच एकदा म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही हे कबूल केलं पाहिजे. मिस्त्री चुकले असतील तर? सतरा हजारांत लाखाची वस्तू मी म्हाताऱ्याच्या नाण्यावर विसंबून सोडून आलो असेन तर?

दुसऱ्या फेरीत पाहिलेल्या सायकलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. किंमत नऊ हजार, माल उत्तम. उलटी करून पाहिली तर पायडलच्या कण्याखाली जिथे फ्रेमचा नंबर कोरलेला असतो तिथे कानशीने घासलेलं. बिल हरवलं म्हणाले. आम्ही चहा न घेता निघालो. चोरीचा माल स्वस्तच असतो, आणि दुसऱ्या कुणाच्या पोराची सायकल आपल्या पोराला द्यायची नव्हती.

या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत मी थोडा अभ्यास केला. मास्तरला दुसरं काय येतं? पहिलं माप. भिंतीला पाठ लावून मुलाला उभं केलं, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक सरळ वर दाबून धरायला लावलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं. ८१ सेंटिमीटर. याला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा अंदाज येतो. फ्रान्सची मोठी शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. उत्तर आलं ५४. हल्लीच्या फ्रेमचा वरचा दांडा तिरपा असतो, त्यामुळे याला अंदाजच म्हणायचं, पण अठ्ठावन्नच्या सायकलीवर स्वस्त मिळते म्हणून बसायचं नाही, एवढं त्यातून नक्की होतं. गुडघ्याला हळद-चुना आम्ही एकदा लावून चुकलो होतो.

दुसरी गोष्ट कळली ती चेनची, आणि तिने मला खरोखर आनंद झाला. सायकल कुठलीही असो, चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच. वडिलांच्या सेन-रॅलेला तेच, लाखाच्या सायकलीलाही तेच. म्हणजे शाळेतली फूटपट्टी घ्यायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश गेली असेल तर ताणलेल्या चेनने मागच्या गिअरचे दातही खाल्ले, दोन्ही बदलावं लागणार. मालक 'फार चालवलीच नाही हो' म्हणतो तेव्हा ही पट्टी खिशातून काढावी.

तिसरी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. जी सायकल घेतो आहोत ती आपल्या गावात दुरुस्त होईल का? या बारीक टायरची ट्यूब यवतमाळच्या साध्या दुकानात मिळत नाही. हिचा वॉल्व्ह निराळा, बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला. मिस्त्रींचा पंप त्याला बसत नाही. पितळेचं एक बोंडूक लावावं लागतं, किंमत थोडी, पण आर्णी रोडवर रात्री ते जवळ नसेल तर सायकल खांद्यावर घ्यायची. ब्रेक तेलाचे असले की मिस्त्रींचा हात थांबतो, तारेचे असले की चालतो. मागे आठ गिअरचा संच असेल तर भाग स्वस्त आणि दणकट. अकरा-बारा गिअरची चेन बारीक आणि महाग. नागपूरचा माणूस कार्बन घेऊ शकतो, कारण त्याच्या गावात कारागीर आहे. आम्ही दीडशे किलोमीटर दूर. म्हणून मी ठरवलं: ॲल्युमिनिअम किंवा लोखंड, तारेचे ब्रेक, आठ गिअर. पुतण्याला हे सगळं म्हाताऱ्यांचं वाटलं. त्याच्या डोळ्यांपुढे अजून ती काळी होती.

आणि सायकल सापडली ती आमच्याच जिल्ह्यात, वणीला. कोळसा खाणीतल्या एका अभियंत्याची बदली झाली होती. सहा वर्षांपूर्वी घेतलेली ॲल्युमिनिअमची सायकल, माप ५४, बिल जपून ठेवलेलं, नंबर जुळला. रंग उडालेला, हँडलवरची पट्टी सुटलेली. पुतण्याने एक नजर टाकली आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे पाहू लागला.

मिस्त्रींनी तिचं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं, मध्येच अडकतं का पाहिलं. ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली, चिमट्याच्या वर खुटखुट होते का ते बोटाने चाचपलं. पायडल धरून आडवी ओढली. चाकं फिरवून ब्रेकच्या रबरापाशी डोळा लावला. मागच्या चाकात थोडा आऊट होता. प्रत्येक वेल्डिंगवरून ओला फडका फिरवून रंगात केसाएवढी रेघ आहे का पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मालक चांगला हाये, सायकल थकली हाये."

मी फूटपट्टी काढली. चोविसावी पिन बारा इंचांच्या पुढे एक अष्टमांशालाही ओलांडून गेली होती. अभियंत्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि हसले. ते मागत होते सोळा हजार. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: चेन ९००, मागचा गिअरसंच १,४००, दोन टायर २,२००, दोन ट्यूब ६००, तारा आणि ब्रेकचे रबर ७००. एकूण ५,८००. घासाघीस फार झाली नाही. गणितापुढे सज्जन माणूस फार वेळ टिकत नाही. साडेअकरा हजारांत सौदा झाला, पंप आणि ते पितळी बोंडूक त्यांनी वरून दिलं. सगळं मिळून १७,३००. नागपूरच्या दोन फेऱ्या यात नाहीत. तो हिशेब घरात विचारावा.

चाकं काढून सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून आणली. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा गिअरचा संच उघडला. पुतण्या मोबाईलवर चित्रं पाहून सांगत होता, मिस्त्री हाताने करत होते, आणि दोन दिवसांत दोघांचं असं जमलं की मी दुकानात पाहुणा झालो. काम झाल्यावर पोराने दात मोजले. पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८. मी कागदावर मांडून दाखवलं: चाकाचा घेर सुमारे २१० सेंटिमीटर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर पायडलच्या एका फेरीत साडेनऊ मीटर आणि सगळ्यात हलक्यावर अडीच मीटर. अकरावीच्या मुलांना गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण मला तीस वर्षं का सुचलं नाही, देव जाणे. पहिल्या रविवारी तो कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन आला. चढ कसा होता विचारलं तर म्हणाला, "होता काय?"

इथे गोष्ट संपली असती तर मी स्वतःवर फार खूश झालो असतो. फेब्रुवारीत त्याने पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. म्हणजे करायला गेला. एकशे चाळीस किलोमीटरवर मागच्या चाकाची एक तार तुटली. तो तसाच रेटत राहिला, चाक डुलू लागलं, फ्रेमला घासू लागलं, दुसरी तार गेली आणि चाक फिरेना. रात्री साडेनऊला फोन आला. एका भाजीच्या टेम्पोत बसून तो परत येत होता. आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

चूक माझी होती. मिस्त्रींनी वणीला आऊट आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तो नंतर काढलाही. पण मागच्या चाकाच्या गिअरच्या बाजूच्या तारा नेहमी जास्त ताणलेल्या असतात, आणि सहा वर्षांत त्या मुळाशी, जिथे वाकून धुऱ्यात बसतात, तिथे थकतात. प्रत्येक तार बोटाने छेडून पाहायची असते, तंबोरा लावताना पाहतात तशी. एका बाजूच्या सगळ्यांचा सूर साधारण सारखा हवा. एखादी भद्द वाजली की ती सैल, आणि तिचा भार शेजारणींवर. चेनची पट्टी सापडल्याच्या आनंदात मी या तारांकडे पाहिलंच नव्हतं. शिवाय तीनशे रुपये खर्चून बदलायच्या का असं मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं आणि अठरा हजारांच्या आत राहण्याच्या हट्टापायी मी नको म्हटलं होतं. शेवटी मागच्या चाकाच्या बत्तीसच्या बत्तीस तारा नव्या घातल्या, मजुरीसकट नऊशे. आकडा १८,२०० वर गेला.

मार्चमध्ये तो पुन्हा उतरला. बाभळीच्या काट्याने एकदा पंक्चर झालं, ते त्याने वाटेतच काढलं. बारा तास चाळीस मिनिटांत दोनशे किलोमीटर. त्या रात्री त्याने फोन केला तो मला नाही, मिस्त्रींना. मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं.

उन्हाळ्यात भाऊ आला. सायकल अंगणात भिंतीला टेकून होती. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. मडगार्ड कुठे, स्टँड कुठे, हे एकदा विचारून झालं. मग दांड्याखाली हात घालून त्याने ती उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादा, दोन क्विंटल देल्ले अन् दहा किलो आनली?"

पुतण्या हसत होता. भावाने सायकल खाली ठेवली, उकिडवा बसला, चेन अंगठ्याने बाजूला केली आणि चष्मा कपाळावर सारून दात पाहू लागला.